एक्स्ट्रीम ओव्हरक्लॉकिंग: नायट्रोजन ओतला की झालं का?

थंडोबा (धागाकर्ता)

कूलरच्या धाग्यावर मध्येच एक पिंक पडली होती: "नायट्रोजन ओतला की काय, कोणीही रेकॉर्ड करेल." तिथे अवांतर वाढायला लागलं, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, आणि एक्स्ट्रीम म्हणजे त्यासाठी तो द्रव नायट्रोजनसारख्या गोष्टींनी गोठवणं. हौशींनी भर घालावी, शंका असणाऱ्यांनी बिनधास्त विचारावं.

बाहेरच्या माणसाला या छंदातला एकच आकडा माहीत असतो, तो म्हणजे गिगाहर्ट्झचा. २०१४ मध्ये 'द स्टिल्ट' या ओव्हरक्लॉकरने एएमडीचा एफएक्स-८३७० हा प्रोसेसर ८.७२ गिगाहर्ट्झपर्यंत नेला आणि तो आकडा २०२२ पर्यंत कुणाला हलवता आला नाही. मग इंटेलचा १३९००के आला, आणि मार्च २०२४ मध्ये एल्मोर या ओव्हरक्लॉकरने इंटेलच्याच १४९००केएसवर ९.११७ गिगाहर्ट्झ दाखवले, तेही द्रव हेलियमवर. आकडे जबरदस्त आहेत, वाद नाही. पण अशा रनमध्ये, म्हणजे प्रयत्नात, नको असलेले कोअर बंद केलेले असतात, हायपरथ्रेडिंग (एका कोअरकडून एकाच वेळी दोन कामं करून घेणं) बंद असतं, आणि चिपने फक्त सीपीयू-झेड या वेग दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नोंद होईपर्यंत श्वास धरायचा असतो. त्या वेगात तिच्याकडून काहीही काम करून घेतलेलं नसतं. मला स्वतःला हा प्रकार बघायला आवडतो, करायला फारसा नाही.

खरी गंमत बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणारी चाचणी, पूर्ण करण्यात आहे. तिथे चिपला राबावं लागतं.

आता थंडी कशासाठी लागते ते. ट्रान्झिस्टर जलद उघड-मीट करायला व्होल्टेज वाढवावं लागतं. वीज मात्र व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते. १.२५ व्होल्टवर ५.५ गिगाहर्ट्झ चालणारी चिप १.७ व्होल्ट देऊन ७ वर नेली, तर नुसत्या हिशोबाने वीज सव्वादोन पटींहून जास्त होते. त्यात भर म्हणजे गळती. बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही थोडा करंट झिरपतो. चिप तापली की ही गळती वाढते, गळती वाढली की चिप आणखी तापते. खोलीच्या तापमानात हे दुष्टचक्र १.७ व्होल्टच्या बरंच अलीकडे तुम्हाला गाठतं. उणे दीडशेला गळती जवळपास नाहीशी होते, धातूच्या तारांचा रोधही घटतो, म्हणून जास्तीचं व्होल्टेज पचतं. म्हणजे थंडीने चिप पळत नाही. ती व्होल्टेजने पळते, थंडी तिला फक्त जळू देत नाही. एवढं एक डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या गोष्टींचा अर्थ लागतो.

साधनांची उतरंड अशी: हवा आणि पाणी खोलीच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाहीत. फेज चेंज युनिट, म्हणजे फ्रीजचाच कॉम्प्रेसर थेट प्रोसेसरवर, उणे ४०-५०च्या आसपास. ड्राय आइस (घन कार्बन डायऑक्साइड) उणे ७८.५. द्रव नायट्रोजन उणे १९६. आणि हेलियम उणे २६९.

---

शंकासूर

लेख छान, पण मूळ प्रश्न तसाच राहिला. शेवटी चांगली चिप ज्याच्या हातात पडली तो जिंकला. हे लोक एकाच मॉडेलचे ढीगभर प्रोसेसर तपासून त्यातला 'गोल्डन' निवडतात म्हणे. मग यात कौशल्य कसलं? खिसा आणि नशीब.

---

जुनाखोड

शंकासूरराव, अर्धं बरोबर बोललात. बिनिंग, म्हणजे अशी चिप निवडणं, चालतं आणि अगदी वरच्या स्थानांवर त्याशिवाय निभाव लागत नाही. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण एचडब्ल्यूबॉट या निकाल नोंदवणाऱ्या साइटवर एकदा चक्कर मारा. तिथे गुण फक्त जगातल्या सर्वात वेगवान रनला मिळत नाहीत. प्रत्येक प्रोसेसरची, प्रत्येक ग्राफिक्स कार्डची वेगळी क्रमवारी असते. कुणीतरी आजही सॉकेट ४७८चा पेंटियम ४ टेबलावर घेऊन बसलेलं असतं. अडगळीत पडलेलं सेलेरॉन घेऊन तुम्ही त्या क्रमवारीत उतरू शकता. माझ्या मते या छंदाचा सगळ्यात निरोगी भाग हाच आहे. ताज्या हार्डवेअरच्या शर्यतीत मी फार पूर्वीच भाग घेणं सोडलं.

सेलेरॉनवरून आठवलं. १९९८चा सेलेरॉन ३००ए. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले गुणक. त्याचा गुणक ४.५ला कुलूपबंद होता आणि बस ६६ मेगाहर्ट्झची. बस १०० केली की सरळ ४५०. साध्या कूलरवर, बहुतेक चिप्स कुरकुर न करता चालायच्या. एक अख्खी पिढी त्या चिपमुळे या नादाला लागली.

आता कौशल्याचं. सुपरपाय घ्या. टोकियो विद्यापीठातल्या कानादा यांच्या प्रयोगशाळेतला हा १९९५चा प्रोग्रॅम, पायचे दशांश स्थळांपर्यंतचे अंक काढतो. एकच थ्रेड वापरतो, त्यामुळे सोळा कोअर असून उपयोग शून्य. १एमचा (सुमारे दहा लाख अंकांचा) रन आजच्या वेगवान चिपवर पाचेक सेकंदांत उरकतो, ३२एमला चार-पाच मिनिटं लागतात. त्या चार-पाच मिनिटांत मेमरीचं टायमिंग (ती उत्तर द्यायला किती वेळ घेते), विंडोज एक्सपीमधल्या कोणत्या सेवा बंद आहेत, रन सुरू करण्याआधी मोठ्या फायली कॉपी करून सिस्टिम कॅशे कसा लावून घेतला, या सगळ्यावरून सेकंद हलतात. या शेवटच्या प्रकाराला 'कॉपी वाझा' म्हणतात. सारखीच फ्रिक्वेन्सी, सारखीच रॅम, तरी दोन माणसांच्या वेळांत स्पष्ट फरक. तो फरक नशिबाचा नाही.

आणि मैदानी स्पर्धा वेगळ्याच. तैपेईला काँप्युटेक्स या संगणक प्रदर्शनाच्या वेळी रॅम बनवणाऱ्या जी.स्किलचा ओसी (ओव्हरक्लॉकिंग) वर्ल्ड कप भरतो, तिथे वेळ बांधलेली, समोर प्रेक्षक. घरी रात्रभर बसून एक रन जमवणं निराळं आणि घड्याळ चालू असताना गोठलेला बोर्ड शांतपणे परत उठवणं निराळं.

---

मोसफेट

जुनाखोड काकांना +१. एक पुरवणी जोडते. फसवणुकीचा विषय निघतोच, तर २०१३चं विंडोज ८ प्रकरण आठवा. त्या विंडोजमध्ये मशीन चालू असताना बेस क्लॉक (ज्यावरून प्रोसेसरचा वेग ठरतो तो मूळ ठोका) बदलला की विंडोजचं स्वतःचं घड्याळच मागे-पुढे पळायचं. म्हणजे बेंचमार्कला वाटायचं दहा सेकंद झाले, प्रत्यक्षात झालेले असायचे जास्त. एचडब्ल्यूबॉटने त्या ऑगस्टमध्ये विंडोज ८वरच्या निकालांवर सरळ बंदी घातली. आता बेंचमेटसारखं साधन घड्याळ वेगळं तपासतं. खेळात पंचगिरी इतकी गंभीरपणे होते, म्हणजे खेळ आहे असं मी तरी मानते.

---

वाचनमात्र

इतके दिवस नुसती वाचत होते, आज आयडीला न शोभणारं काम करते. माझा बाळबोध प्रश्न: उणे १९६ला नेलं की सगळ्यावर बर्फ साचणार, बर्फ वितळला की पाणी. मदरबोर्ड जळत कसा नाही?

---

मोसफेट

वाचनमात्र, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. निम्मा वेळ याच तयारीत जातो आणि व्हिडिओत नेमका हाच भाग कापलेला असतो.

पाणी हवेतून येतं. त्यामुळे तत्त्व एकच आहे: जिथे दवबिंदूच्या खालचं तापमान पोचणार तिथे हवा पोचू द्यायची नाही. मी असं करते. आधी सॉकेटच्या भोवतालचा सगळा भाग, पहिल्या स्लॉटपर्यंत आणि रॅमच्या खाचांपर्यंत, लिक्विड इलेक्ट्रिकल टेपने किंवा व्हॅसलीनने रंगवून काढते. व्हॅसलीन स्वस्तातलं वाटलं तरी उत्तम काम करतं, फक्त नंतर साफ करताना जीव जातो. टेप वाळला की रबरासारखा सोलून निघतो. त्यावर चित्रकार वापरतात तो मळून घेता येणारा मऊ खोडरबर. त्याच्या वळकट्या करून कपॅसिटरच्या मधल्या फटी बोटाने दाबून भरायच्या, इतक्या की वरून पाहिलं तर एकही फट दिसू नये. सगळ्यात जास्त दगा देते ती सॉकेटच्या अगदी लगतची कड, कारण तिथे बोट पोचत नाही. मी तिथे आइस्क्रीमच्या काडीने दाबते. मग बंद पेशींचा फोम, त्याला पॉटच्या (नायट्रोजन ओततात ते प्रोसेसरवर बसणारं तांब्याचं भांडं) मापाचं भोक, आणि पॉट बसल्यावर त्याच्याभोवती कागदी टॉवेल गुंडाळायचे.

बोर्डाची मागची बाजू विसरायची नाही. सॉकेटच्या पाठीमागची धातूची प्लेटही तितकीच गार होते. तिथेही फोम.

चालू असताना एक साधा पंखा बोर्डावर आडवा मारत ठेवायचा, म्हणजे खाली उतरणारी गार, ओलसर वाफ एका जागी बसत नाही. टॉवेल ओले झाले की बदलायचे. वरचा पांढरा बर्फ दिसायला भीतीदायक असतो, पण बर्फ वीज वाहत नाही म्हटलं तरी चालेल. धोका असतो तो मशीन बंद करून पॉट वर यायला लागतो तेव्हा. त्या वेळी वीजपुरवठ्याची वायर काढलेली असलीच पाहिजे. नंतर बोर्ड पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही, घाई करून "एकदा बघू चालू होतो का" तर मुळीच नाही.

---

झिरोकेल्विन

कामावर क्रायोजेनिक द्रवांशी रोज संबंध येतो म्हणून थोडं रागावून लिहितोय. राग तुमच्यावर नाही, व्हिडिओंवर आहे.

सगळ्यांना वाटतं की धोका हात भाजण्याचा आहे. थेंब हातावर पडला तर लायडेनफ्रॉस्ट परिणामामुळे वाफेचा थर बनतो आणि तो घरंगळून जातो. खरं भाजतं ते कपड्यात, बुटात किंवा घट्ट हातमोज्यात द्रव अडकला की, किंवा गोठलेल्या धातूला ओल्या बोटांनी हात लावला की. म्हणून हातमोजे सैल हवेत, झटकन झाडून टाकता येतील असे. डोळ्यांवर चष्मा हवाच.

पण जीव घेतो तो वायू. एक लिटर द्रव नायट्रोजनचा खोलीच्या तापमानाला जवळपास ७०० लिटर वायू होतो. तो ऑक्सिजनला बाजूला सारतो. आपल्याला गुदमरल्यासारखं वाटतं ते कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नाही. नायट्रोजनमध्ये तुमचा श्वास नेहमीसारखा चालू असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, त्यामुळे शरीर धोक्याची घंटा वाजवतच नाही. चक्कर येते आणि माणूस कोसळतो. त्याला उचलायला गेलेला दुसराही कोसळतो. गार वायू जड असल्याने खाली साचतो, म्हणून तळघर बाद. दारं-खिडक्या उघड्या आणि ऑक्सिजन मीटर चालू, जो १९.५ टक्क्यांना ओरडतो. मीटर नसेल तर बेंचिंग नाही.

दुसरं, झाकण. द्रव नायट्रोजन कधीही घट्ट बंद भांड्यात ठेवायचा नाही. साधा थर्मास घेतलात तर त्याचं फिरकीचं बूच काढून फेकून द्या, म्हणजे सवयीनेही लावलं जाणार नाही.

तिसरं फारसं कुणी लिहीत नाही. ऑक्सिजन उणे १८३ला द्रव होतो, म्हणजे नायट्रोजनच्या आधी. उणे १९६जवळ पोचलेल्या उघड्या तांब्यावर हवेतला ऑक्सिजन द्रवरूपात साचू शकतो. शेजारी तेलकट चिंधी आणि पॉट वितळवायला आणलेला ब्लोटॉर्च असेल तर काय होईल ते सांगायला नको.

---

शंकासूर

बरं, नशिबाचा मुद्दा अर्धा मागे घेतो. पण मग ओतण्यात नक्की काय असतं? पॉट काठोकाठ भरून ठेवला की उणे १९६. संपलं.

---

थंडोबा

याच प्रश्नासाठी धागा काढला होता म्हणा ना.

काठोकाठ भरायला 'फुल पॉट' म्हणतात आणि काही चिप्सना ते चालतं. एएमडीचे फेनम २ आणि नंतरचे एफएक्स कितीही थंड करा, तक्रार करायचे नाहीत. म्हणून तर हेलियमचे प्रयोग त्यांच्यावर झाले. इंटेलच्या स्कायलेकनेही फुल पॉट सोसला. पण बऱ्याच पिढ्यांना कोल्ड बग असतो. एका ठरावीक तापमानाखाली चिप किंवा तिच्या पोटातला मेमरी कंट्रोलर एकदम मान टाकतो, स्क्रीन जागच्या जागी थिजते. काहींना याहून वाईट खोड असते, कोल्ड बूट बग. चालू असताना उणे १४०ला मजेत असतात, पण रिस्टार्ट केलं की उठत नाहीत. मग ब्लोटॉर्चने किंवा पॉटमधल्या हीटरने उणे शंभरच्या वर आणायचं, बूट करायचं, पुन्हा खाली उतरायचं. हे आकडे चिपगणिक वेगळे. एकाच मॉडेलच्या दोन चिप्सचेही वेगळे.

समजा तुमची चिप उणे १३०ला बिघडते. तिला उणे १२५ला ठेवलंत की ती सर्वात जास्त व्होल्टेज पचवते. आता सिनेबेंच सुरू करा, म्हणजे ठोकळ्या-ठोकळ्याने चित्र रंगवणारा बेंचमार्क. लोड आला त्या क्षणी आकडा पळायला लागतो: -१२४, -११९, -११२. आकडा वर गेलेला दिसल्यावर ओतलंत तर उशीर झाला, कारण थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) तांब्यात आहे आणि उष्णता चिपमध्ये. रन पडतो. आधीच जास्त ओतलंत तर लोड यायच्या आत बग गाठतो. म्हणून डावा हात एंटरवर, उजव्या हातात थर्मास, आणि बटण दाबण्याच्या किंचित आधी पातळ धार सुरू. रन संपताना उलटं. शेवटचे ठोकळे रंगायला लागले की धार तोडायची, नाहीतर लोड उतरल्याबरोबर तापमान खड्ड्यात जातं आणि निकालाचा स्क्रीनशॉट घ्यायच्या आत मशीन थिजतं. निकाल डोळ्यांसमोर आणि स्क्रीनशॉट नाही, या दुःखाला तोड नाही.

पॉट कोणता यावरही बरंच अवलंबून. जड तांब्याचा पॉट हळू हलतो, लांब रनला सोयीचा. हलका पॉट पटकन ऐकतो पण डोळा लवू देत नाही.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर, एक लिटर नायट्रोजन उकळताना साधारण १६० किलोज्यूल उष्णता खातो. ३०० वॅटची चिप सतत लोडवर असली तर नऊ मिनिटांना एक लिटर. पॉट पहिल्यांदा गार करायला लागतो तो आणि थर्मासमध्ये ओतताना उडून जातो तो वेगळा. हेलियमचा एक लिटर उकळताना फक्त अडीच किलोज्यूलच्या आसपास खातो. यावरून कळेल की हेलियमवाले रन क्षणभराचेच का असतात.

---

रॅमदास

सगळे प्रोसेसरवरच बोलताहेत, म्हणून रॅमची बाजू मांडतो.

३२एम सुपरपायमध्ये जिंकतो तो रॅमवाला. डीडीआर४च्या काळात सॅमसंगची बी-डाय ही मेमरी चिप म्हणजे देवमाणूस होती. व्होल्टेज वाढवत न्या, टायमिंग घट्ट होत जातं, आणि गार केली की १.९ व्होल्टलाही हूं की चूं नाही. रॅमला वेगळा छोटा पॉट लागतो, मॉड्यूलवर बसणारा. डीडीआर५मध्ये तीच जागा हायनिक्सच्या ए-डायने घेतली.

ओव्हरक्लॉकिंगच्या खास बोर्डांवर चारऐवजी दोनच रॅम स्लॉट का असतात, असं एका धाग्यावर कुणी विचारलं होतं. कारण हेच. स्लॉट कमी, तारा आखूड, सिग्नल स्वच्छ. एसुसचा अ‍ॅपेक्स, गिगाबाइटचा टॅकिऑन ही त्यातलीच मंडळी. त्यांच्यावर एलएन-टू (द्रव नायट्रोजन) मोडचा जंपर, म्हणजे छोटा खटका, असतो. तो बोर्डाचे काही संरक्षक पहारे उठवतो, त्यामुळे साध्या कूलरवर गंमत म्हणून सरकवू नये.

---

वाचनमात्र

माहितीचा खजिना आहे धागा! वाचनखूण साठवली. मोसफेट ताई, एकच विचारते. पॉट उणे १५० दाखवतोय, तरी चिप आधीच्या फ्रिक्वेन्सीला टिकत नाही असं होतं का? एका व्हिडिओत बघितलं, त्यांनी सगळं गरम करून पुन्हा गार केलं आणि चाललं.

---

मोसफेट

हो, पेस्ट तडकली असणार. थर्मल पेस्ट इतक्या थंडीत दगडासारखी होते, त्यात तांबं, प्रोसेसरवरचं धातूचं झाकण आणि सिलिकॉन वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. मध्ये भेग पडली की पॉट गार आणि चिप गरम. ओळखायची खूण: लोड आल्यावर थर्मोकपलचा आकडा आधीइतका उसळत नाही, कारण उष्णता वर पोचतच नाही. नवख्याला वाटतं, वा, आज तापमान किती स्थिर आहे! पॉट शून्याच्या वर आणला तर पेस्ट मऊ होऊन भेग कधी कधी बुजते. नाही बुजली तर सगळं सोडवून पुन्हा लावणं आलं, म्हणजे वर लिहिलेला सगळा खोडरबर परत.

पेस्टऐवजी लावतात ते लिक्विड मेटल (द्रव धातू) इथे वापरू नका. घरच्या वापराला छान, पण उणे वीसच्या आसपास गोठतं आणि मग पकड सोडू शकतं.

---

शंकासूर

आता खरंच करून बघावंसं वाटतंय, काय करता! थेट नायट्रोजन घेऊ का आधी ड्राय आइस?

---

जुनाखोड

आधी हवेवर दोन-चार जुनी सेलेरॉन पिळून काढा. त्यांना व्होल्टेज आणि बस किती मानवते ते कळू दे. मग ड्राय आइस. तो नुसता टाकला तर तांब्याला नीट चिकटत नाही, म्हणून पॉटमध्ये थोडं अ‍ॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात. दोन्ही पेट घेणारे, तेव्हा त्या दिवशी ब्लोटॉर्च दुसऱ्या खोलीत. आणि झिरोकेल्विन यांनी वायूबद्दल सांगितलं ते इथेही लागू, फक्त इथला वायू निदान छातीत कळतो.

---

शंकासूर

ठीक. आणि थर्मोकपल पॉटमध्ये नक्की कुठे? माझ्याकडे के-टाइपचा एक पडून आहे.

---

थंडोबा

पॉटच्या तळाजवळ बाजूने एक बारीक भोक असतं, त्यात. टोकाला पेस्ट लावून पार आतपर्यंत सरकवा आणि वायर बाहेर टेपने पक्की करा. अर्धवट बसलं तर ते तांब्याऐवजी भोकातल्या हवेचं तापमान दाखवतं आणि तुम्ही उणे ६०च्या भरवशावर ओतत राहता. बोर्डावरचा प्रोसेसरचा सेन्सर त्या पट्ट्यात विश्वासाचा नसतो, त्याच्याकडे बघूच नका. सेलेरॉन कोणतं आहे ते मॉडेल नंबरसकट इथे टाका, गुणक आणि बस बघून सुरुवातीचे आकडे सांगतो.